पहिली ओळ, दुसरी पाळी

दंतवैद्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर मोजणीसाहेब बसले होते, ते काही स्वतःच्या दातांसाठी नाही. त्यांचे दात शाबूत होते. आत खुर्चीत आडवा झाला होता तो त्यांचा मेहुणा. वय बेचाळीस, वजन पंचाण्णव किलो, आणि सुई दिसली की पाय गळणारा. "तुम्ही नुसते बाहेर बसा हो, त्याला तेवढाच धीर," असं बायकोने सकाळी बजावलं होतं. बायकोच्या माहेरच्या कामाला मोजणीसाहेब कधी नाही म्हणत नसत. नाही म्हणून काही उपयोग नसतो, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

या दवाखान्याची पायरी चढणं मात्र त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं, कारण दंतवैद्य त्यांचे हाडवैरी होते. वैर जमिनीचं नाही, पैशाचं नाही. वैर होतं डब्यांचं.

जिओकॅशिंग नावाचा एक खेळ आहे. कुणीतरी कुठेतरी एक डबी लपवतं आणि तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश फोनवर जाहीर करतं. बाकीचे ती शोधायला निघतात. सापडली की आतल्या वहीत आपलं टोपणनाव, तारीख आणि वेळ लिहायची, आतली एखादी चिमुकली वस्तू घ्यायची, आपल्याकडची एक ठेवायची, डबी होती तशी ठेवायची आणि काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने चालू लागायचं. खेळाबाहेरच्या माणसाला पत्ता लागू द्यायचा नाही. यात मिळत काय? काही नाही. म्हणूनच चांगली शहाणीसुरती माणसं यात जीव ओतत होती.

त्यातल्या त्यात मान असतो तो वहीतल्या पहिल्या ओळीला. नवी डबी जाहीर झाली की जो सगळ्यांआधी पोचतो, त्याची सही पहिल्या ओळीवर. मोजणीसाहेबांनी 'काटकोन' या नावाने एकशेबारा डब्या शोधल्या होत्या आणि प्रत्येक वहीत पहिल्या ओळीवर 'अक्कलदाढ' बसलेली होती. अक्कलदाढ म्हणजे दंतवैद्य. डॉक्टर असून त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं, हे आणखी एक दुःख.

मोजणीसाहेब जन्माने दुसरे. शाळेत दुसरे. बढतीच्या यादीत तीनदा दुसरे. भूमापन कार्यालयातून सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाले तेही 'उपअधीक्षक' म्हणून, आणि त्या दिवशी कार्यालयातला शिपाईही निवृत्त होत असल्यामुळे निरोपाच्या भाषणात त्यांचा नंबर दुसरा लागला. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, कशाच्या तरी पहिल्या ओळीवर आपलं नाव असावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. बायको म्हणायची, "अहो, डब्यावरून कसला मान?" पण ज्याचं जळतं त्याला कळतं.

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांच्या खिशात फोन वाजला. त्याच क्षणी आतल्या खोलीतही एक फोन वाजला. तोच सूर. आतलं यंत्र घुर्रर्र करत होतं ते थांबलं.

मोजणीसाहेबांनी फोन काढला. 'नवी डबी. तेलाचे संग्रहालय.' खाली आकडे.

"डॉक्टर?" आतून मेहुण्याचा आवाज आला. तोंड उघडं असल्यामुळे तो 'ऑक्क्र' असा ऐकू आला.

"एक मिनिट हं," दंतवैद्य म्हणाले. "अं... बाहेर कोण बसलंय तुमच्याबरोबर?"

"आई," मेहुणा म्हणाला. त्याला 'दाजी' म्हणायचं होतं.

मोजणीसाहेबांचं डोकं झरझर चालू लागलं. आतल्या माणसाच्या हातात उघडा जबडा आहे. दात अर्धवट कोरलेला आहे. अशा अवस्थेत कोणताही सज्जन डॉक्टर पेशंटला सोडून जाणार नाही. वीस मिनिटं तरी हाती आहेत. मेहुण्याला धीर देण्याचं काय, हा प्रश्न त्यांच्या मनात आला, पण तो पायऱ्या उतरताना आला. मग ते परत वर गेले नाहीत. स्कूटरला किक मारली आणि सुटले.

संग्रहालय गावाच्या कडेला होतं. ऐंशी वर्षांपूर्वी इथे तेल लागलं, तीस-पस्तीस वर्षं उपसलं, मग संपलं. कंपनी गेली. मागे राहिली पत्र्याची एक लांबलचक शेड, एक लोखंडी मनोरा, एक मान खालीवर करणारा पंप, जो आता मान वर करूनच अडकला होता, आणि पाळीवाल्या मजुरांची एक लाकडी खोली. त्यालाच कुंपण घालून संग्रहालय केलं होतं. फाटकाशेजारी मोठा फलक होता: 'याच विहिरीत पहिल्या पाळीने तेल काढले.'

खिडकीत तिकीटवाल्या बाई बसल्या होत्या. माणूस दिसल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला, की मोजणीसाहेबांना क्षणभर आपण नात्यातले आहोत की काय असं वाटलं.

"एक तिकीट द्या."

"अकरा दिवसांनी आलं हो कुणीतरी! थांबा, काकांना बोलावते. माहिती सांगतात. फुकट आहे."

"नको नको, मी आपला नुसता नजर टाकून जातो."

"नजर काय टाकता? काकाऽऽ! माणूस आलाय!"

शेडमधून ड्रिलरकाका बाहेर आले. सत्तरी पार केलेले, उभ्या बांध्याचे, हातात दाखवायची काठी. तरुणपणी त्यांनी इथल्या शेवटच्या विहिरीवर काम केलं होतं. त्यांनी मोजणीसाहेबांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, घसा खाकरला आणि सुरुवात केली.

"दहा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता."

मोजणीसाहेबांनी घड्याळात पाहिलं. दहा सदतीस.

"काका, तुमची हरकत नसेल तर शेवटची शंभर वर्षं आधी सांगता का?"

"मधूनच सांगितलं तर तेल आलं कुठून ते कळेल का तुम्हाला?" काका म्हणाले. "तर समुद्र होता. त्यात मासे होते."

मासे मेले, त्यांच्यावर गाळ बसला, गाळाचा दगड झाला. एकेका दगडापुढे काका थांबत होते. मोजणीसाहेबांनी दोनदा डावीकडून सटकायचा प्रयत्न केला, पण काकांची काठी आडवी व्हायची. साडेअकरा वाजायला आले तेव्हा कुठे ते पहिल्या विहिरीपाशी पोचले, आणि तिथे मात्र काकांचा आवाज बदलला.

"बाहेरचा फलक वाचलात? साफ खोटा! तेल दुसऱ्या पाळीने काढलं. दुसऱ्या पाळीचे मुकादम माझे वडील. पण पाळीची नोंदवही हरवली, आणि पहिल्या पाळीच्या मुकादमाची ऊठबस साहेबलोकांत. झालं. नाव त्यांचं लागलं. त्यांचाच नातू आज आमच्या संग्रहालयाचा अध्यक्ष आहे. समोर हार्डवेअरचं दुकान आहे ना, ते त्याचं. वडील मरेपर्यंत या फाटकातून मान खाली घालून जात. दुसऱ्या पाळीला कोण विचारतं, साहेब?"

 दुसरेपणाचं दुःख मोजणीसाहेबांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते काहीतरी आपुलकीचं बोलणार, एवढ्यात फाटकाशी गाडीचा ब्रेक करकचून लागला.

गाडीतून दंतवैद्य उतरले, पांढऱ्या कोटासकट. दुसऱ्या बाजूने मेहुणा उतरला. गळ्यात निळं कागदी लाळेरं, गालात कापूस, अर्धा चेहरा बधिर, आणि डोळ्यांत प्रचंड गोंधळ.

"डॉक्टर! तुम्ही पेशंट घेऊन आलात?"

"सोडून आलो असतो तर चाललं असतं का?" दंतवैद्य कोटाची बटणं लावत म्हणाले. "भूल उतरायच्या आत परत न्यायचंय. तुम्ही मात्र त्यांना तिथे टाकून आलात, मोजणीसाहेब. घरी काय सांगणार?"

"दादी, तुमी कुथे गेलात?" मेहुण्याने विचारलं. जीभ जड झाल्यामुळे दाजींची दादी झाली होती.

"हवा खायला," मोजणीसाहेब म्हणाले.

पण ड्रिलरकाकांना दुसऱ्याच गोष्टीचा आनंद झाला होता. एका दिवसात तीन माणसं! आणि काकांचा एक नियम होता. नवीन माणूस आला की माहिती पहिल्यापासून. अर्धवट ऐकून कुणी जायचं नाही. त्यांनी दंतवैद्यांचा दंड धरला, त्यांना पुन्हा पहिल्या दगडापाशी नेलं आणि घसा खाकरला.

"दहा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता."

दंतवैद्यांच्या चेहऱ्यावरचे भाव बघायला मोजणीसाहेब थांबले नाहीत. मासे मरायच्या आत ते शेडच्या मागच्या दाराने बाहेर पडले होते.

मागे फरसबंदी अंगण होतं. फोनवरचा ठिपका अंगणातल्या एका सिमेंटच्या बाकाकडे बोट दाखवत होता. दुसरा कुणीही साधा माणूस सरळ बाकापाशी गेला असता. पण मोजणीसाहेबांनी छत्तीस वर्षं जमीन मोजली होती. फोनवर विश्वास ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते चार पावलं चालले, थांबले, आकाशाकडे बघितलं. एका बाजूला पत्र्याची शेड, दुसऱ्या बाजूला लोखंडी मनोरा. म्हणजे उपग्रहाच्या लहरी आपटून येणार. म्हणजे ठिपका सरकणार. किती? त्यांनी बोटांवर हिशोब केला. नऊ मीटर, वायव्येला. त्यांनी नऊ मोठी पावलं टाकली आणि नाक जवळजवळ पाळीवाल्यांच्या लाकडी खोलीच्या दारावर आपटलं.

"वा!" ते स्वतःलाच म्हणाले. असा हिशोब दात कोरणाऱ्याला जमणं शक्य नव्हतं.

खोलीत अंधार होता. भिंतीवर खिळे, खिळ्यांना मजुरांचे जेवणाचे पत्र्याचे डबे कडीने अडकवलेले, वर पाटी: 'हात लावू नये'. मोजणीसाहेबांनी डबे मोजले. सहा. सातवा खिळा रिकामा, आणि सातवा डबा खाली, खोलीतल्या लाकडी बाकाखाली, भिंतीला टेकवून, वर दोरी गुंडाळलेली. सहा वर आणि एक खाली! एकशेबारा डब्या शोधलेल्या माणसाच्या अंगावर काटा आला. जी वस्तू रांगेत नाही ती आपली, हा या खेळाचा पहिला धडा. आणि 'हात लावू नये' ही पाटी? डबी लपवणाऱ्याची लबाडी, दुसरं काय!

त्यांनी दोरी सोडली. झाकण गंजलेलं होतं, ते दोन दणक्यांत निघालं. आत मेणकापडात गुंडाळलेली एक वही आणि एक पितळी बिल्ला. "काय हुबेहूब जुनं केलंय!" मोजणीसाहेब कौतुकाने पुटपुटले. छोटा टॉर्च दातांत धरला, खिशातून बॉलपेन काढलं, वही उघडली.

पहिलं पान कोरं होतं.

कोरं! एक अक्षर नाही! मोजणीसाहेबांचे डोळे भरून आले. अठ्ठावन्न वर्षं ज्याची वाट पाहिली ते पान समोर होतं. त्यांनी वरच्या ओळीवर, रेघ न सोडता, ठसठशीत लिहिलं: 'प्रथम सापडले. काटकोन. दि. ११, सकाळी ११.४२.' खाली सही ठोकली. सहीखाली दोन रेघा मारल्या. मग खेळाच्या रीतीप्रमाणे बिल्ला खिशात टाकला, त्याच्या जागी आपल्याकडचा जांभळा रबरी ऑक्टोपस ठेवला, सगळं होतं तसं गुंडाळलं आणि फोनवर जाहीर केलं: 'सापडली. पहिला. काटकोन.'

शेडमधून एक फोन वाजल्याचा आवाज आला. पाठोपाठ "अरेरे!" असा दंतवैद्यांचा आवाज, आणि मग काकांचा: "अहो, माशांचं एवढं काय मनाला लावून घेता?"

मोजणीसाहेब बाहेर आले ते जमिनीवरून दोन बोटं वर तरंगत. तेवढ्यात तिकीटवाल्या बाई लगबगीने अंगण ओलांडून आल्या. त्यांच्याही हातात फोन होता. काय झालं ते बघायला त्यांच्यामागून दंतवैद्य, त्यांच्यामागून काका.

"काटकोन तुम्हीच का?" बाईंनी विचारलं.

मोजणीसाहेब दचकले. "तुम्ही खेळातल्या?"

"अहो, डबी मीच लपवलीय. त्या निमित्ताने तरी चार माणसं येतील म्हटलं. पण तुम्ही सही कुठे केलीत?"

"डबीत."

"तिकीटखोलीच्या मागच्या खिडकीतून अंगण दिसतं. सकाळपासून मी त्या जागेवरून नजर काढलेली नाही. तुम्ही तिकडे गेलात, चार पावलांवर थांबलात, वर बघून बोटं मोजलीत, आणि वळून भलतीकडेच निघून गेलात. मला हसू आवरेना."

मोजणीसाहेबांचे पाय जमिनीला लागले.

"म्हणजे नऊ मीटर..." ते म्हणाले. "मग मी कशात सही केली?"

सगळे लाकडी खोलीत शिरले. मोजणीसाहेबांनी बाकाखालून डबा ओढला. तो बघताच काकांच्या हातातली काठी खाली पडली.

"याला तुम्ही हात लावलात? वीस वर्षं मी सांगतोय हात लावू नये, हात लावू नये! मी स्वतः कधी लावला नाही!"

मेणकापड उलगडलं. बाईंनी दार सताड उघडलं, उजेड आत आला. काकांनी वही घेतली, पहिलं पान पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि पान उलटलं. दुसऱ्या पानापासून शेवटपर्यंत काळ्या शाईतल्या बारीक नोंदी होत्या. तारीख, पाळी, फूट, दगडाचा रंग, सही. काका मटकन बाकावर बसले.

"पाळीची वही," ते म्हणाले.  "पहिलं पान कोरं सोडायची रीत होती. हात तेलकट असत ना. पानं उलटताना पहिलं पान घाण होणार, म्हणून त्यावर कुणी लिहीतच नसे. साहेब, माझा चष्मा बाहेर राहिलाय. तेल लागलं त्या दिवशीचं वाचा. शेवटाकडे असेल."

मोजणीसाहेबांनी वाचलं. "पहिली पाळी. सहाशे अकरा फूट. कोरडे. काम थांबवण्याची शिफारस. सही, मुकादम." त्यांनी बोट खालच्या ओळीवर सरकवलं. "दुसरी पाळी. सहाशे चौदा फूट. तेल. सही, मुकादम. आणि इथे पहिल्या पाळीच्या मुकादमाचीही सही आहे, काका. 'पाहिले' असं लिहून."

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. काकांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं, आणि मग हा सत्तरीचा माणूस उठून अंगणात गेला आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "सापडलीऽऽ! दुसरी पाळीऽऽ!" बाई टाळ्या वाजवत होत्या. दंतवैद्यांनी भान विसरून मोजणीसाहेबांना मिठी मारली, आणि मग आपण कुणाला मिठी मारतोय हे लक्षात येऊन सोडली.

आरडाओरडा ऐकून दुकानातून अध्यक्ष आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वही हातात घेतली आणि नेमकं पहिलंच पान उघडलं.

"हे काय? 'प्रथम सापडले.' तारीख अकरा. आणि हे बॉलपेन! ऐंशी वर्षांपूर्वी बॉलपेन कुठलं आलं, काका? माणसाने खोटं करावं, पण जरा अक्कल लढवून!"

"ते यांनी लिहिलंय! आत्ता!"

"तोंडी काय, मीही म्हणेन की माझ्या आजोबांनी चंद्र शोधला. एका पानावर बॉलपेन म्हणजे सगळी वही संशयास्पद. आणि हा डबा दुसऱ्या पाळीचाच कशावरून?"

"बिल्ला असेल की आत! प्रत्येकाच्या डब्यात त्याचा बिल्ला असायचा. वडिलांचा चौदा नंबर. त्यांचा डबाही वहीबरोबरच हरवला होता." काकांनी डब्यात हात घातला आणि बाहेर काढला. तळव्यावर जांभळा रबरी ऑक्टोपस होता. त्याला आठ पाय होते आणि तो हसत होता.

"चौदा नंबर नाही दिसत," अध्यक्ष म्हणाले.

काकांनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्यांचा चेहरा असा पडला, की मोजणीसाहेबांना खिशातला बिल्ला विस्तवासारखा लागू लागला. तो त्यांनी काढून काकांच्या हातावर ठेवला. पितळेवर चौदाचा आकडा स्पष्ट होता.

"मी घेतला होता," ते म्हणाले. "खेळाची रीत म्हणून."

"वस्तूला हात लावला, वहीत खरडलं, बिल्लाही खिशात घातला!" अध्यक्ष खूश झाले. "छान. मग हे सगळं लेखी द्या. पूर्ण नाव, पूर्वीचा हुद्दा, आणि तुम्ही डबे शोधण्याचा खेळ खेळत होता, तेही. हस्ताक्षर तपासणाऱ्यांकडे वहीबरोबर पाठवतो, एक प्रत फाटकावर लावतो. दहा मिनिटं थांबतो, मला दुकान आहे. लेखी नसेल, तर वही खोटी समजून विषय बंद."

दंतवैद्य मोजणीसाहेबांच्या कानाशी लागले. "असलं काही लिहून देऊ नका हो. पेन्शनर माणूस तुम्ही. सगळं गाव हसेल." असं म्हणता म्हणता ते एकेक पाऊल दाराकडे सरकत होते. बाईंचं मघाचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. डबी फोनच्या ठिपक्यावरच होती, साध्या सिमेंटच्या बाकाखाली.

मोजणीसाहेबांनाही ते कळत होतं. दार त्यांना जास्त जवळ होतं. बाक इथून नऊ मीटरवर, हे त्यांच्याइतकं नक्की कुणाला ठाऊक होतं? धावले तर पाच सेकंदांत पहिली ओळ त्यांची. खरीखुरी, हक्काची. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. काका बिल्ला सदऱ्याला पुसत होते.

"बाई," मोजणीसाहेब म्हणाले, "कागद आहे का? रेघांचा असला तर बरा."

दंतवैद्य बाणासारखे सुटले.

मोजणीसाहेब बाकावर बसले आणि लिहू लागले. छत्तीस वर्षं त्यांनी वरिष्ठांच्या सहीसाठी अहवाल लिहिले होते, पण असा अहवाल कधी लिहिला नव्हता. आपण कोण, कशासाठी आलो, नऊ मीटर कसे चुकलो, पाटी वाचूनही हात कसा लावला, पहिल्या पानावर काय लिहिलं आणि ऑक्टोपस कुणाचा, सगळं त्यांनी तपशीलवार लिहिलं. 'सदर पान वगळता उर्वरित नोंदी माझ्या जन्मापूर्वीच्या आहेत' या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली. लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर त्यांना इतका आनंद होत होता की अक्षर भराभर पळत होतं.

अध्यक्षांनी कागद दोनदा वाचला. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांनी आजोबांची सही एकदा जवळ धरून पाहिली, एकदा लांब धरून पाहिली.

"आजोबांचीच आहे," ते शेवटी म्हणाले. "हा वळसा घरातल्या सगळ्या कागदांवर आहे. घ्या, फलक रंगवून घ्या. रंग मात्र माझ्या दुकानातला."

 काकांनी मोजणीसाहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

तेवढ्यात इतका वेळ बाहेर बाकापाशीच खिळलेले दंतवैद्य परत आले. हातात हिरवी प्लॅस्टिकची डबी होती, आणि चेहरा तर कुणी त्यांचेच सगळे दात उपटल्यासारखा झाला होता. मागून मेहुणा लाळेरं सावरत येत होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "सापडली ना?"

दंतवैद्यांनी डबीतली वही उघडून सगळ्यांपुढे धरली. पहिल्या ओळीवर, आणि खरं तर वरच्या अर्ध्या पानावर, लहान मुलाच्या अक्षरात मेहुण्याचं पूर्ण नाव होतं. खाली घरचा पत्ता, फोन नंबर, वेळ अकरा पंचावन्न, आणि शेरा: 'दात दुखतो आहे.'

"मी बथलो होतो बाकावल," मेहुणा म्हणाला. "तुमी थगले आत गेलात. खाली दबी दिथली. आत लिहिलं होतं, अभिनंदन, थही कला. मग केली. दादी, काही चुकलं का?"

मोजणीसाहेबांनी मेहुण्याकडे पाहिलं. हा माणूस आता जन्मभर, घरातल्या प्रत्येक जेवणाला, ही गोष्ट सांगणार होता, आणि बायको कौतुकाने ऐकणार होती. त्यांना हसू फुटलं ते थांबेना. बाकाला धरून ते हसले.

"तुम्ही करा सही, डॉक्टर," डोळे पुसत ते म्हणाले. "दुसरी ओळ मोकळी आहे."

"दुसऱ्या ओळीवर?" दंतवैद्य ताठ झाले. "मी? कधीच नाही."

"नक्की?"

"नक्की."

मोजणीसाहेबांनी डबी घेतली. बॉलपेन अजून हातातच होतं. दुसऱ्या ओळीवर त्यांनी नाव लिहिलं, काटकोन नव्हे, आपलं खरं, पूर्ण नाव, सावकाश, आणि वही काकांना दाखवली. काकांनी ती उजेडात धरली, चष्मा नसताना वाचल्यासारखं केलं आणि मान डोलावली.

दंतवैद्य बराच वेळ घुटमळत उभे होते. मग त्यांनी पेन मागून घेतलं आणि तिसऱ्या ओळीवर सही केली.